शेष शिक्षा

आमच्या गावात माफ होणाऱ्या गोष्टी दोनच होत्या: शाळेची फी आणि एखाद्या वाईट वर्षी शेतसारा. फी माफीचे फॉर्म भरून घेण्याचं काम हिंदीच्या बाईंकडे असायचं, का ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि हिंदीच्या बाई म्हणजे मी. त्यामुळे माफीचे कागद मी चांगले ओळखते असा माझा समज होता. माणूससुद्धा माफ होतो, त्यासाठीही अर्ज करावा लागतो आणि तो थेट राष्ट्रपतींच्या नावानं जातो, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं. आणीबाणी उठून वर्षभर झालं होतं. वर्ध्याजवळच्या आंजीच्या पुढे चार मैल आत आमचं गाव, तिथे राष्ट्रपती फक्त सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असायचे.

कारण घडलं ते आमच्या परसामागच्या वाडीत. वाडी म्हणजे भाजीपाल्याचं शेत. विहीर चांगली, जमीन काळी, मालक वर्ध्याला राहणारा. ती वाडी आमचे शेजारी काकाजी आणि काकू मक्त्यानं करायचे. नात्यातले नव्हेत, पण मी त्यांच्या ओट्यावर खेळून मोठी झाले. वांगी, टमाटर, मिरची, रताळी आणि सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि पुण्यामुंबईची माणसं त्यावर हसतात, तर हसोत. काकूंचा सांबार इतका चांगला यायचा की आंजीच्या बाजारात बायका आधी तो विचारायच्या आणि मग वांगी घ्यायच्या.

रताळी म्हटली की रानडुकरं आलीच. त्यांच्यासाठी काकाजींकडे एक भरमार बंदूक होती, नळीतून दारू ठासून भरायची जुन्या चालीची. तिचा परवाना इंग्रजांच्या वेळी, मालगुजारीच्या काळात काकाजींच्या वडिलांच्या नावावर निघाला होता. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती. जमीन वारसाहक्कानं येते तसा परवानाही येतो, अशी काकाजींची प्रामाणिक समजूत होती. कोणीतरी तक्रार केली, पोलीस बंदूक शोधायला आले, आणि बंदूक शोधता शोधता तुरीच्या ओळीत त्यांना गांजाची नऊ झाडं सापडली.

गांजाबद्दल मात्र काकाजींची कसलीच समजूत नव्हती, त्यांना नीट ठाऊक होतं. थोडा स्वतःच्या चिलमीला, बाकी भजनी मंडळाला. एकादशीच्या भजनाला आमच्या गावात जो रंग चढायचा, त्यात तुरीच्या ओळीचा वाटा मोठा होता. हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण कोर्टात सांगायला कोणी गेलं नाही.

शिक्षा झाली अडीच वर्षांची. गांजाचे सहा महिने आणि बंदुकीची दोन वर्षं, एकामागून एक. अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. दिवाळीनंतर काकाजी नागपूरच्या तुरुंगात गेले आणि काकू एकट्या वाडीत उभ्या राहिल्या, विहिरीवर, वाफ्यांत आणि डब्बा वाजवत डुकरांमागे.

मालक वाईट माणूस नव्हता. पहिल्या अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्याकडे मक्ते बदलायच्या दिवशी, तो काकूंना म्हणाला, "एक वर्ष तुमच्यावर सोडतो. पण पुढच्या अक्षय तृतीयेला घरात माणूस पाहिजे. नसला तर मला दुसरा बघावा लागेल."

म्हणून काकू माझ्याकडे आल्या. मी एकटीच अशी होते जिनं राष्ट्रभाषेच्या सगळ्या परीक्षा दिल्या होत्या, शेवटची तर पहिल्या श्रेणीत. राष्ट्रभाषेचं एवढं आहे म्हणजे राष्ट्रपतीशी बोलता येत असणार, असा काकूंचा हिशेब होता. खरं सांगते, तो मला चुकीचा वाटला नाही.

आधी आम्ही दोघी वर्ध्याला वकिलाकडे गेलो. वकील भला माणूस, पण त्याला समोरच्याला गोंधळात पाडायची आवड होती. दयेचा अर्ज करता येईल, म्हणाला, पण एक नाही, दोन.

"दोन काऊन?" काकूंनी विचारलं.

"गांजा राज्याच्या कायद्यातला. त्याची दया मुंबईला, राज्यपालांकडे. बंदूक केंद्राच्या कायद्यातली. तिची दया दिल्लीला."

काकू म्हणाल्या, "पन मानूस तर एकच हाये."

वकील हसला आणि मला म्हणाला की यावर घटनेत काही नाही. मला मात्र त्या प्रश्नानं पछाडलं. परत येताना एसटीत मी तेच डोक्यात घोळवत होते. एका माणसाचे दोन गुन्हे, दोन सरकारं, दोन दया. एकानं माफ केलं आणि दुसऱ्यानं नाही केलं, तर तो माणूस माफ झाला की नाही? काकू माझ्या शेजारी रिकामी टोपली मांडीवर घेऊन झोपल्या होत्या.

अर्जासोबत गावकऱ्यांच्या सह्या जोडल्या तर बरं, असं वकील म्हणाला होता. मी मारुतीच्या पारावर गेले आणि तिथे जो वाद पेटला तो पंधरा दिवस पुरला.

पारावर सगळ्यात वजनदार माणूस म्हणजे खादीवाले आजोबा. तरुणपणी सेवाग्रामला राहून आलेले, अजूनही महिन्यातून एकदा तिथल्या प्रार्थनेला जाणारे. ते म्हणाले, "नशा आणि शस्त्र. या जिल्ह्यात दोन्ही चालणार नाही. माफी कशाची मागता?"

त्यांच्यासमोर बसले होते भजनी मंडळातले मृदंगवाले. त्यांनी मान खाली घातली होती, आणि ती का घातली होती ते पारावरच्या प्रत्येकाला कळत होतं. तेच म्हणाले, "गांजाचं सोडा आजोबा, तो देवाच्या कामाचा. पन बंदूक? बंदूक वाईटच."

"अन् डुकरं?" माझे बाबा म्हणाले. बाबा शेतकरी, रताळ्यांचं दुःख त्यांना ठाऊक. "डुकराले अहिंसा कोन शिकवन?"

आजोबा चिडले. ते म्हणाले की कायदा म्हणजे काही बाजारातली भाजी नाही, हे घेतो आणि ते ठेवतो म्हणायला. आज डुकरासाठी बंदूक चालवून घेतली तर उद्या बांधाच्या भांडणात तीच बाहेर येईल, तेव्हा कोणाकडे अर्ज करणार? त्यात तथ्य होतं, हे मला तेव्हाही वाटलं. आमच्याच तालुक्यात बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या होत्या. बाबांनाही ते पटलं असावं, कारण त्यांनी आजोबांचं खोडलं नाही, एवढंच म्हणाले, "चूक नसती तर सुटका मागितली असती. चूक हाये म्हनून तर माफी मागून राह्यलो."

हे वाक्य बाबांनी कुठून आणलं कोण जाणे. पण मला पहिल्यांदाच वाटलं की माझे बाबा हुशार आहेत. आजोबांनी तीन दिवस घेतले आणि मग बंदुकीच्या अर्जावर सही केली. गांजाच्या अर्जाला मात्र त्यांनी हात लावला नाही. मृदंगवाल्यांनी गांजाच्या अर्जावर सही केली आणि बंदुकीच्या नाही. बाकीचं गावही असंच विभागलं गेलं. माझ्याकडे सह्यांचे दोन कागद जमले, त्यांत दोन्हीकडे असलेली नावं अगदी थोडी. एकाच माणसाला अर्ध्या गावानं अर्धं आणि उरलेल्या अर्ध्यानं उरलेलं अर्धं माफ केलं होतं.

मग काकाजींना विचारणं आलं. मी आणि काकू नागपूरला गेलो. जाळीच्या पलीकडे काकाजी बारीक झालेले दिसले, पण आवाज तोच होता. त्यांनी आधी सांबाराचं विचारलं, मग डुकरांचं आणि मग माझं.

"काकाजी, अर्जात पश्चात्ताप लिहावा लागतो," मी म्हटलं.

"गांजाचा लिह. तो खराच हाये. बंदुकीचा नाई. कागद करायचा राहून गेला, थे माही चूक. पन बंदुकीचा पश्चाताप मी काऊन करू? बिचारीनं कोनाचंच वाईट नाई केलं."

"मग राष्ट्रपतींना काय लिहू?"

"लिहजो का तिच्यात छर्रा कधीच नाई भरला. नुसती दारू अन् आवाज." मग जाळीला तोंड लावून हळूच म्हणाले, "त्याईले इचारजो, त्याईनं कधी रानडुक्कर पाह्यलं हाये का?"

हे काही मी विचारलं नाही. पण दारू हा शब्द मी बरोबर पकडला. हिंदीत दारू म्हणजे पिण्याचीच. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातून राष्ट्रपतींना 'बंदूक में केवल दारू भरी जाती थी' असं कळवलं असतं तर काय झालं असतं! मी तिथे बारूद लिहिलं आणि स्वतःवर फार खूश झाले. असे फसवे शब्द मला ओळखू येतात, हा माझा अभिमान होता. मुलांना मी ते वहीत लिहून द्यायची.

मुंबईचा अर्ज मराठीत होता. तो मी एका बैठकीत उरकला. दिल्लीच्या अर्जाला आठ दिवस लागले. चुलीजवळ पाट टाकून मी बसायची, काकू समोर लसूण सोलत बसायच्या आणि मी वाचून दाखवायची. काकूंना हिंदी समजायची, आमच्या भागात कोणाला नाही समजत? पण ती बाजाराची हिंदी, अर्धी वऱ्हाडी, अर्धी नागपुरी. मला ती ऐकवत नसे.

"असं लिह बाई," काकू म्हणाल्या, "का बाकीची सजा माफ करा."

नोकरी लागल्यापासून काकू मला चिडवायला बाई म्हणायच्या, पण बोलायच्या अरेतुरेतच.

"सजा नको काकू," मी म्हटलं. "तो बाजारी शब्द आहे. राष्ट्रपतींना शुद्ध लिहायला पाहिजे."

"मंग शुद्ध काय?"

मी एक क्षणही थांबले नाही. वरती, पत्राच्या कपाळावर, रेघ मारून विषय लिहिला: 'शेष शिक्षा माफ करने हेतु प्रार्थना.' खालीही सगळीकडे तेच. तीन वेळा मी तो अर्ज सुवाच्य अक्षरात उतरवला आणि तिन्ही वेळा त्या शब्दावर माझी नजर गेली. तो मला सुंदर वाटला. पाटावर बसून मी पहिल्या श्रेणीत पास झालेली बाई होते, आणि बोटं मात्र माझ्या आईच्या भाषेत चालली होती.

अर्ज रजिस्टर करून पाठवला. उत्तरासाठी पत्ता शाळेचा दिला. जून सरत आला होता. मुंबईचं उत्तर गणपतीच्या सुमाराला आलं, दोन ओळींचं, नाकारल्याचं. तोपर्यंत गांजाचे सहा महिने भोगून संपलेच होते, त्यामुळे कोणी फार मनावर घेतलं नाही. मृदंगवाले तेवढे दोन दिवस पारावर दिसले नाहीत. आता सगळी आशा दिल्लीवर होती.

त्या महिन्यांत काकू बाजाराला जाताना आमच्या दारात टोपली टेकवायच्या. मी वांगी घ्यायची. त्या तोलून द्यायच्या आणि वर सांबाराची एक मूठ टाकायच्या, फुकट, ठरलेली. "दिल्लीहून काई आलं?" विचारायच्या. "नाही काकू, वेळ लागतो," मी म्हणायची. तेव्हा ते खरं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्या हातात पाकीट दिलं. लांबट, सरकारी, दिल्लीचं. मी वर्गावर न जाता ग्रंथालयाच्या कपाटामागे उभी राहून ते उघडलं. दिल्लीतल्या कुठल्यातरी खात्यानं स्वच्छ हिंदीत कळवलं होतं की शिक्षा शुल्क माफ करणे हा विषय राज्याच्या अखत्यारीत येतो, तरी अर्जदारानं आपल्या विद्यालयाच्या प्रधानाध्यापकांमार्फत, उत्पन्नाच्या दाखल्यासह, योग्य त्या कार्यालयाकडे अर्ज करावा.

मी हसले. देवाशपथ सांगते, मी आधी हसले. म्हटलं, काय ही दिल्लीची माणसं! तुरुंगातल्या माणसाच्या अर्जाला फी माफीचं उत्तर! मी कपाटातून अर्जाची नक्कल काढली, त्यांची चूक मुख्याध्यापकांना दाखवायला. आणि विषयाची ओळ वाचली.

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. सातवीच्या पोराला ठाऊक असतं. मीच 'स्त्री शिक्षा का महत्त्व' या विषयावर निबंध लिहून बक्षीस घेतलं होतं. वर्गात फळ्यावर फसव्या शब्दांची यादी लिहिताना पहिलाच शब्द हा असायचा. माझ्या अर्जात काकूंच्या नावानं लिहिलं होतं की मेरे पति नागपुर में दो वर्ष की शिक्षा पा रहे हैं, उनकी शेष शिक्षा माफ की जाए. विषयाची ओळ वाचून कोणीतरी तो अर्ज सरळ शिक्षणाच्या टेबलावर टाकला, आणि त्यात त्याची काय चूक? मला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी नवा अर्ज लिहिला. त्यात सहा वेळा सजा लिहिलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून वर्ध्याला गेले, सह्यांच्या कागदाची नक्कल वकिलाकडून घेतली आणि स्वतः पोस्टात उभं राहून अर्ज रजिस्टर केला. जून ते नोव्हेंबर, पाच महिने वाया गेले होते. ते पाकीट मी माझ्या हिंदी शब्दकोशात ठेवलं आणि शब्दकोश ट्रंकेत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी काकूंनी टोपली टेकवली. "काई आलं?"

"नाही काकू. वेळ लागतो."

वाक्य तेच होतं. फक्त आता ते खोटं होतं. त्यांनी सांबाराची मूठ टाकली आणि मी ती घेतली. असं मी त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात किती वेळा केलं, ते मोजायची हिंमत माझ्यात नव्हती. रोज ठरवायची की आज सांगते. मग वाटायचं, उत्तर येईलच आता, चांगलं उत्तर आलं की सगळं आपोआप झाकलं जाईल, सांगायची गरजच उरणार नाही. मुलं गृहपाठ केला नसला की अशीच बोलतात. मी त्यांना बाकावर उभं करायची.

अक्षय तृतीया आली. घरोघर पितरांसाठी मातीच्या भांड्यात पाणी भरून ठेवलं होतं, चिंचगुळाच्या चिंचोणीचा वास येत होता. दुपारी मालकाचा माणूस आला आणि त्याच्यासोबत शेजारच्या गावचा एक जण. दोघं वाडीत फिरले, विहिरीत डोकावले. मी आमच्या परसातून बघत होते. काकू बांधावर हात जोडून काहीतरी बोलल्या, मालकाच्या माणसानं नकारार्थी मान हलवली, निर्दयपणे नाही, पण हलवली. दुसऱ्या दिवशी नव्या मक्तेदारानं सगळ्यात आधी सांबाराचे वाफे मोडले. त्याला तिथे कांदा लावायचा होता.

बावन्न दिवसांनी दिल्लीहून हुकूम निघाला. बंदुकीची उरलेली शिक्षा माफ.

काकाजी आले तेव्हा पारावर अख्खं गाव जमलं होतं. मृदंगवाले पुढे होते. खादीवाले आजोबाही आले, त्यांनी काकाजींच्या गळ्यात सुताचा हार घातला. मृदंगवाल्यांनी जुना वाद उकरून काढायचा प्रयत्न केला, तर आजोबा म्हणाले, "माझं मत तेच आहे. पण ज्याचा अधिकार त्यानं वापरला. आता यावर बोलायचं नाही." लोक म्हणत होते की बाईंनी काय अर्ज लिहिला असेल! मला कोणीतरी पेढा दिला. तो मी पदराच्या टोकाला बांधला.

तिसऱ्या दिवशी मी शब्दकोश घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. काकाजी खाटेवर बसले होते, काकू दुसऱ्या कोणाच्या वाडीतली मिरची निवडत होत्या. मी पाकीट काढलं, वाचून दाखवलं आणि दोन्ही भाषांत शिक्षेचा अर्थ काय तो सांगितला. पाकीट कधी आलं तेही सांगितलं.

काकाजी आधी समजले नाहीत. मग समजले आणि हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. "म्हंजे मले शाळेत फी माफ? दाखला घेऊन या म्हने! अवं, आयकून राह्यली का?" डोळे पुसत ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आता रडू नको बाई. माफी पाह्यजे असन तर दयेचा अर्ज करजो. पन मराठीत करजो."

काकू हसल्या नाहीत. त्यांच्या हातातली मिरची तशीच राहिली होती.

"मी तर सजाच म्हनलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो काकू."

"थे जाऊ दे. थे हातून होते. पन दिवाळीले कागद आला, अन् तू मले सांगितलं काऊन नाई?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी मालकाचे पाय धरले असते. म्हनलं असतं, अर्ज उशिरा गेला, दोन महिने थांब. तो थांबला असता. तेवढा मानूस होता तो. मले काय ठाव का अर्ज नुकताच गेला म्हनून? मले वाटलं, वरीस झालं, दिल्लीवाल्यानं फेकून देला असन. म्या त्याच्या मानसाले हात जोडले, पन मालकाले जाऊन थांब म्हनलंच नाई."

मी तोपर्यंत त्या शब्दाला धरून बसले होते. पाच महिने एका शब्दानं खाल्ले असं माझं गणित होतं, आणि शब्दाची चूक कोणाकडूनही होते, अशी मी मनातल्या मनात स्वतःची वकिली करत होते. वाडी शब्दानं गेली नव्हती. वाडी माझ्या गप्प बसण्यानं गेली होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी काकू आमच्या दारात थांबल्या नाहीत. मीच बाजारात गेले. त्या पोत्यावर बसल्या होत्या, समोर इतरांकडून घेतलेली भाजी.

"काय देऊ तुमाले?" त्या म्हणाल्या.

तुमाले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी अर्धा किलो वांगी अगदी काटा मधोमध ठेवून तोलली, पिशवीत टाकली आणि पुढच्या बाईकडे वळल्या. सांबार शेजारीच ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता. मी पिशवी घेऊन घरी आले आणि वांगी सांबाराशिवाय केली.

काकाजी नव्या मक्तेदाराकडेच रोजीनं कामाला जायला लागले, आपल्याच वाडीत. बंदूक सरकारजमा झाली होती, डुकरांमागे ते फटाके घेऊन धावायचे. गांजा त्यांनी सोडला. एकादशीचं भजन लवकर संपायला लागलं. माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलायचे, भेटले की विचारायचे, "अर्ज लिहला काय?" आणि हसायचे. त्यांनी मला माफ केलं होतं, आणि त्यानं मला काहीच वाटलं नाही, याचं मला नवल वाटायचं. मग हळूहळू कळलं. बंदुकीची दया दिल्लीत होती, गांजाची मुंबईत. माझी जिच्या हातात होती, ती आंजीच्या बाजारात पोत्यावर बसायची, आणि तिच्याकडे अर्ज करायची काही रीत नव्हती. माफ करा म्हटलं असतं तर तेही त्यांच्याच अंगावर एक काम टाकल्यासारखं झालं असतं. म्हणून मी मागितलीच नाही. दर बाजाराला जायची, वांगी घ्यायची, "काय देऊ तुमाले" ऐकायची.

चार वर्षं. मधल्या काळात वर्गातल्या यादीत शिक्षा हा शब्द मी मुलांना सांगायची, पण उदाहरण द्यायची नाही. माझी बदली समुद्रपूरला व्हायची ठरली. त्या आधीच्या बाजाराला मी नेहमीसारखी गेले. उन्हाळा होता, भाज्यांवर पाणी शिंपडलेलं. काकूंनी काही विचारलं नाही. अर्धा किलो वांगी तोलली, पिशवीत टाकली. मग ओल्या फडक्याखाली हात घातला आणि सांबाराची मूठ वर ठेवली.

मी पैसे द्यायला हात पुढे केला होता तो तसाच राहिला. "काकू, सांबार..."

"वाळून चाल्ला होता," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "घेऊन जाय."

मी घरी येऊन पिशवी उघडली. सांबार हिरवागार होता, मुळांची माती अजून ओली होती.